थ्रॉटलच्या मुठीवर लावायचा तळहाताचा टेकू (क्रूझ असिस्ट) रोजच्या ठाणे–महापे ट्रॅफिकमध्ये लावावा का?

कासारवडवली_महापे

नमस्कार मंडळी. रोज कासारवडवलीहून महापेला बाईकने जातो, घोडबंदर रोड, कापूरबावडी, मग कळवा नाका, विटावा, दिघा करत ठाणे-बेलापूर रोड. गाडी १६० सीसी, जुनी, कार्ब्युरेटरवाली. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या हाताला मुंग्या येतात, ऐरोली ओलांडली की अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं जड व्हायला लागतात आणि ऑफिसला पोचल्यावर पण थोडा वेळ बोटं आपली वाटत नाहीत. घोडबंदरला तर विचारूच नका, मेट्रोचं काम, सर्व्हिस रोड मेन रोडमध्ये घुसवलेला, त्यात सतत थोडी रेस, ब्रेक, परत थोडी रेस असं चाललेलं असतं.

ऑफिसमधल्या एकाने ते प्लॅस्टिकचं टेकू टाईप असतं ना, मुठीवर क्लिपसारखं बसतं आणि मागे चपटी पट्टी येते, त्यावर तळहात टेकवला की रेस धरून राहते, मूठ आवळावी लागत नाही, ते लावलंय. ऑनलाईन दोन-तीनशे रुपयांत मिळतं. तो म्हणतो लाईफ बदलली. दुसरा एकजण म्हणाला त्यापेक्षा थ्रॉटल लॉक घे, मूठ आहे तिथेच अडकून राहते, हात सोडून झटकता येतो. घरी बाबांना दाखवलं तर ते म्हणाले रेसला काहीही चिकटवायचं नाही, विषय संपला. पण हात तर दुखतोय. कोणी रोजच्या ट्रॅफिकमध्ये वापरलंय का? खरंच धोका आहे की उगाच भीती?

---

तुर्भे_गॅरेजवाला

भाऊ, बाबा बरोबर बोलतायत पण कारण सांगतो, म्हणजे पटेल.

हे टेकू लावायची जागा ठरवतानाच गोची आहे. हायवेला तू ६० च्या स्पीडला चालतोस तेव्हा मूठ थोडी वळलेली असते, आणि पट्टी त्या वेळी तळहाताखाली आडवी आली तरच आराम मिळतो. आता तीच मूठ बंद कर. पट्टी मुठीबरोबर वर उचलली जाते आणि तळहाताच्या मागच्या गादीला टोचत उभी राहते. म्हणजे हायवेला सोयीची सेटिंग असेल तर सिग्नलला, गर्दीत, रेस बंद असताना ती हाताखाली वर आलेली असते आणि नुसता हात टेकवला की रेस मिळते. उलट, बंद मुठीला त्रास होणार नाही अशी खाली बसवली तर चालत्या गाडीत ती इतकी खाली लोंबते की हात टेकतच नाही, मग लावून उपयोग काय. कंपनी कुठलीही असो, महाग घे नाहीतर स्वस्त घे, यातून सुटका नाही, कारण पट्टी मुठीलाच बांधलेली आहे.

आता ब्रेक. पुढचा ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्याच हातात. समोर रिक्षावाल्याने कचकन दाबला, तू पण दाबलास, काय होतं? पुढचे शॉकअप बसतात, अंगाचा सगळा भार पुढे येतो आणि तो भार झेलतं कोण, तर दोन्ही मनगटं. बोटं लिव्हरवर ताणलेली आणि तळहाताची मागची बाजू खाली दाबलेली. बरोबर तिथेच ती पट्टी. म्हणजे जितका जोरात ब्रेक तितकी रेस. मागे कोणी बसलं असेल तर त्याचा पण भार तुझ्या पाठीवर. क्लच वेळेत दाबला तर इंजिन नुसतं ओरडेल, नाही दाबला तर गाडी ब्रेक लागत असतानाच मागून ढकलली जाईल. एबीएस आहे म्हणून बिनधास्त राहणारे पण भेटतात, एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, तुझी रेस बंद करणं त्याचं काम नाही.

विश्वास बसत नसेल तर मित्राची लावलेली गाडी घे, इंजिन बंद, स्टँडवरून काढून सरळ बस, चार बोटांनी पुढचा ब्रेक दाब आणि अंग पुढे टाक, अचानक ब्रेक लागल्यासारखं. दुसऱ्याला पट्टीकडे बघायला सांग. माझ्याकडे कोणी बसवायला घेऊन आलं की मी आधी हेच करून दाखवतो, आणि बहुतेक जण ते प्लॅस्टिक परत खिशात घालून जातात.

आणि मला तर वाटतं तुझी रेसची वायर सुकली असेल. पावसाळ्यानंतर त्रास सुरू झाला म्हणतोस ना? पाणी शिरतं, आत गंज, मूठ जड होते, रोज थोडी थोडी होते म्हणून कळत नाही. मूठ पूर्ण फिरवून सोड. टक आवाज करत परत आली पाहिजे. रेंगाळत आली तर वायर बदल. जड वायरीवर टेकू लावलास तर त्रास झाकला जाईल आणि रेस परत न येण्याचा खरा दोष तसाच आत राहील.

---

खारघर_टूरिंग

मी वापरतो, पण ऐक कुठे वापरतो ते. जुन्या मुंबई-पुणे हायवेला पनवेल सोडलं की शेडुंग, चौक, खालापूर या पट्ट्यात आणि मालशेजला जाताना मुरबाडच्या पुढे रस्ता मोकळा असेल तर. घाट सुरू व्हायच्या आधी काढून टँक बॅगेत. माझं क्लिपवालं आहे, गाडी बाजूला घेऊन थांबलो की हाताने निघतं. खोपोलीच्या पुढे बोरघाटात ते मुठीवर असेल तर वळणावर रेस बारीक सोडता-धरता येत नाही, एक तर जास्त मिळते नाहीतर हात पट्टीवरून घसरतो. वळणावर मागच्या चाकाला जरा जास्त रेस गेली आणि रस्त्यावर वाळू किंवा ट्रकचं सांडलेलं डिझेल असलं की संपलं.

त्यामुळे गॅरेजवाल्या भाऊंशी सहमत, रोजच्या ठाणे-बेलापूर रोडला नको. एमआयडीसीतून ट्रक कधी आडवा येईल सांगता येत नाही. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तळहात पट्टीवर आणि बोटं मोकळी सोडून आरामात बसलेला माणूस आधी हात उचलणार, मग बोटं लिव्हरवर नेणार, अर्धा सेकंद तरी उशीर, म्हणजे आठ मीटर गाडी तशीच पुढे. हायवेला पण मी दोन बोटं लिव्हरवरच ठेवतो, पट्टी असो नसो. सोबत ग्रुप राईडला नवीन पोरं असतील तर मी त्यांना लावूच देत नाही, वाईट वाटलं तरी चालेल.

थ्रॉटल लॉकबद्दल: ते टेकूपेक्षा वेगळं प्रकरण आहे. टेकू सोडला तर मूठ स्प्रिंगने बंद होते, लॉकमध्ये ती बंद होतच नाही, तुम्हाला स्वतः फिरवून बंद करावी लागते. चांगल्या बनावटीचं असेल तर हाताच्या जोराने मूठ परत फिरते, स्वस्तातलं असेल तर अडकतं. काही जण मुठीच्या टोकाला रबरी रिंग अडकवून जुगाड करतात, ते तर अजिबात नको, ओलं झालं की वेगळं वागतं, उन्हात वेगळं.

---

घणसोली_१५०

मी रोज वापरतो पाम बीच रोडला, काही झालं नाही. सवयीचा भाग आहे. एवढं घाबरून चालत नाही, ज्याला गाडी येते त्याला काही होत नाही.

---

तुर्भे_गॅरेजवाला

@घणसोली_१५० सवय मान्य, पण सवय चालत्या गाडीची होते. अडचण होते ती गाडी जवळपास थांबलेली असताना. यू टर्नचं बघ. आपल्याकडे यू टर्न उजवीकडेच. हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की उजवी मूठ पोटाकडे येते, कोपर मागे जातं, मनगट आपोआप खाली मोडतं. नुसत्या मुठीवर पण नवीन माणसाकडून इथे रेस जास्त जाते, पट्टी असेल तर ती थेट तळहाताखाली किंवा मांडीला लागते. पाय खाली टेकलेले, गाडी तिरकी, अशा वेळी एक झटका पुरे.

दुसरं, पार्किंग. इंजिन चालू ठेवून गाडी मागे ओढणारे, बाजूला उभं राहून ढकलणारे. सोसायटीत तर सगळे हेच करतात. एका गिऱ्हाइकाची गाडी आली होती, पुढचं मडगार्ड आणि हेडलाईट फुटलेला, फर्स्ट गिअर मध्ये क्लच धरून गाडी बाजूने ढकलत होता, रेनकोटची सैल बाही पट्टीत अडकली, हात ओढला तर रेस मिळाली आणि क्लच सुटला, गाडी भिंतीवर. समोर पोर नव्हतं कोणाचं हे नशीब. पट्टी ओल्या रबरावर सरकते पण, पावसात एक खड्डा बसला की ती बसवलेल्या जागेवरून फिरलेली असते आणि तुझा हात मात्र जुन्या जागी ती शोधत असतो. तू चांगला चालवत असशील, त्यात शंका नाही, पण बाही आणि पाऊस यांना तुझ्या सवयीशी काय देणंघेणं.

---

नेरुळची_स्कूटरवाली

माझा प्रश्न यालाच जोडून विचारते. माझी ११० ची स्कूटर, नेरुळ ते वाशी. मुलीला शाळेत सोडते, ती पुढे उभी असते. डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटरवर असे टेकू बरेच दिसतात. स्कूटरला क्लच नसतो तर सोपं जाईल असं वाटत होतं. आता वाचून शंका आली.

---

तुर्भे_गॅरेजवाला

ताई, स्कूटरला तर मुळीच नको. बाईकवाल्याकडे शेवटचा उपाय म्हणून क्लच असतो, दाबला की इंजिनचा चाकाशी संबंध तुटतो. तुमच्याकडे तो नाही. रेस गेली म्हणजे गाडी गेलीच, ब्रेक विरुद्ध इंजिन अशी ओढाताण. शिवाय स्कूटरचं हँडल वळवताना मूठ गुडघ्याच्या जवळ येते, पट्टी गुडघ्याला अडकू शकते. आणि हो, मुलगी पुढे उभी असते म्हणालात, लहान मुलं आधारासाठी हँडलच पकडतात. मुठीच्या मागे पट्टी बाहेर आलेली असेल तर तिचा हात किंवा दप्तराचा पट्टा त्यावर पडणारच. मुलगी सोबत असो नसो, नको. खरं तर तिला पुढे उभं करण्यापेक्षा मागे बसवून, बेल्ट आणि हेल्मेट घालून नेलेलं बरं, विषय वेगळा आहे पण राहवलं नाही म्हणून लिहिलं.

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी पण तेच. बऱ्याच ई-स्कूटरना ब्रेक दाबला की मोटर कट होते, ते चांगलं आहे, पण ब्रेक न दाबता गाडी चालू आहे हे विसरून पट्टीला हात लागला तर आवाज नाही, काही नाही, सरळ झेप घेते.

---

ठाणे_फिजिओ

मूळ प्रश्न हाताचा आहे आणि त्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नौपाड्यात प्रॅक्टिस, बाईकवाले आणि डिलिव्हरी करणारी मुलं खूप येतात.

कुठली बोटं बधिर होतात यावरून बरंच कळतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू असेल तर मनगटातल्या बोगद्यासारख्या अरुंद जागेतून जाणारी मीडियन नर्व्ह दाबली जातेय, याला कार्पल टनेल म्हणतात. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू असेल तर अल्नर नर्व्ह, ती तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखालून जाते. प्रश्नकर्त्याने अंगठा आणि शेजारची दोन बोटं लिहिलंय, म्हणजे पहिला प्रकार असू शकतो, पण तपासल्याशिवाय नक्की नाही.

आता टेकूचं. मनगट वर मोडलेलं असतं तेव्हा त्या बोगद्यात दाब वाढतो, आणि मूठ घट्ट आवळली की आणखी वाढतो. टेकूमुळे आवळणं कमी होतं, म्हणून सुरुवातीला बरं वाटतं, ते खोटं नाही. पण अंगाचा भार तळहाताच्या मुळाशी, एका चपट्या कडक पट्टीवर येतो, आणि ठाण्याच्या रस्त्यांवरचा प्रत्येक धक्का त्याच जागी. माझ्याकडे असे आलेत ज्यांना आधी अंगठ्याकडे मुंग्या होत्या आणि टेकू करंगळीकडे सरकवून लावल्यावर करंगळी पण बधिर व्हायला लागली. आणि बधिर हाताने तुम्हाला पट्टीवर किती जोर पडतोय हे जाणवत नाही, हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं. ज्या माणसाला टेकू लावावासा वाटतो त्याच माणसाच्या हाताला रेस किती दिली ते कमी कळत असतं.

हे करून बघा: कोपरं किंचित वाकलेली ठेवा, भार हातावर न घेता पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंवर, गुडघ्यांनी टाकी हलकी दाबून बसा. ब्रेक लिव्हरचा कोन असा करून घ्या की बोटं लिव्हरवर ठेवल्यावर पंजा आणि हात एका सरळ रेषेत येतील, लिव्हर फार वर असेल तर मनगट मागे मोडतं. हे मेस्त्री दोन मिनिटात करतो. सिग्नलला हात सोडून झटका, बोटं ताणा. रात्री झोपेतून मुंग्यांनी जाग येत असेल, हातातून वस्तू पडत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी मांस कमी झाल्यासारखं वाटत असेल तर वाट बघू नका, ऑर्थोपेडिक किंवा न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. शुगर आणि थायरॉईड पण तपासून घ्या, दोन्हीचा कार्पल टनेलशी संबंध असतो आणि बाईकवाले सगळा दोष गाडीला देतात. दिवसभर माऊस पण त्याच हाताने चालतो ना तुमचा?

---

खारघर_टूरिंग

फिजिओ मॅडम धन्यवाद, लिव्हरच्या कोनाचं खरंच कोणी सांगत नाही. शोरूममधून गाडी येते तशीच लोक वर्षानुवर्षं चालवतात.

मी भर घालतो. बार एंडची (हँडलच्या टोकांची) वजनं काढून टाकून तिथे आरसे लावणारे बरेच, ती वजनं व्हायब्रेशन कमी करायला असतात. फोमची जाड ग्रिप घातली तर मूठ कमी आवळावी लागते, पण तिचं टोक आत स्विचच्या डब्याला किंवा बाहेर बार एंडला घासत नाहीये हे बघा, घासलं तर रेस परत येताना अडकते. ज्याला खरोखर लांब अंतराला क्रूझ पाहिजे त्याने कंपनीचा इलेक्ट्रॉनिक क्रूझ कंट्रोल (ठरवलेला स्पीड आपोआप धरून ठेवणारा) असलेली गाडी घ्यावी, अपाचे आरटीआर ३१० ला २०२३ पासून येतो. त्यात ब्रेक किंवा क्लचला हात लागला की क्रूझ सुटतो. प्लॅस्टिकच्या पट्टीला ब्रेक लागल्याचं कळत नाही.

---

कासारवडवली_महापे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल वाटलं नव्हतं. कलीगच्या गाडीवर इंजिन बंद करून ते ब्रेकचं करून बघितलं, तो स्वतः बाजूला उभा राहून पट्टी बघत होता. अंग पुढे टाकलं की मूठ सरळ फिरत होती, दर वेळी. त्याने तिथेच काढून ठेवली, म्हणाला आता फक्त गावाला जाताना.

माझी वायर खरंच सुकली होती. मूठ सोडली की अर्ध्यात रेंगाळायची. नवीन टाकून घेतली, मूठ इतकी हलकी झाली की पहिल्या दिवशी जपून चालवावी लागली. लिव्हर पण खाली करून घेतलं. मुंग्या कमी आहेत पण गेल्या नाहीत, आणि हो मॅडम, रात्री जाग येते, माऊस पण उजवाच. शनिवारी डॉक्टरांना दाखवतोय, शुगर पण करून घेतो, घरात आईला आहे.

एकच शंका, वायर टाकल्यापासून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की आयडलचा (रेस न देता चालू इंजिनचा) आवाज किंचित वाढल्यासारखा वाटतो. नॉर्मल आहे का?

---

तुर्भे_गॅरेजवाला

अजिबात नॉर्मल नाही, उद्या सकाळी जायच्या आधी बघून घे. हँडल वळल्यावर आवाज वाढतो म्हणजे वायर ताणली जातेय. एक तर ती टाकीखालून किंवा हँडलच्या मानेजवळून चुकीच्या बाजूने नेलीय, नाहीतर फ्री प्ले ठेवलेला नाही. मूठ हलकेच फिरवली की रेस पकडायच्या आधी थोडी मोकळी फिरली पाहिजे, साधारण २ ते ६ मिलिमीटर, तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नेमका आकडा असेल. गाडी न्यूट्रलला मेन स्टँडवर घे, इंजिन चालू, हँडल पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे हळू फिरव. आवाज कुठेही बदलता कामा नये. बदलला तर ज्याने टाकली त्याच्याकडेच परत जा आणि वायरचा रस्ता त्याला उघडून दाखवायला सांग, नुसता ॲडजस्टर फिरवून देत असेल तर ऐकू नकोस. तोपर्यंत हँडल कुठल्याही बाजूला पूर्ण वळवताना क्लच अर्धा धरूनच वळ.